कच्चा पेंढा

दूध केंद्राच्या ओट्यावरून सेक्रेटरीनं कॅन खाली उतरवला, झाकण दाबून बसवलं आणि पायानं सुनेकडे सरकवला. पायानं! एरवी ह्याच कॅनला तो दोन्ही हात लावायचा. कॅनवर पांढऱ्या रंगानं एकचा आकडा काढलेला होता. केंद्र उघडलं त्या दिवशी पहिलं दूध सुनेच्या सासऱ्यानं, आबांनी घातलं होतं, आणि तो आकडा त्यांनी स्वतः रंगवला होता. त्यानंतर किती सेक्रेटरी आले नि गेले, आकडा मात्र तसाच राहिला.

"वहिनी, हे घरी न्या. आज नाही घेता येणार."

"का हो? फॅट कमी लागली का?"

"फॅटचं नाही. मॅडमना विचारा." एवढं बोलून सेक्रेटरी मागच्या कॅनकडे वळला.

मॅडम म्हणजे दूध संघाकडून नवं मशीन घेऊन आलेली मुलगी. चष्मा, आवळून बांधलेले केस, पायात धुळीनं भरलेले बूट. मशीन कसलं, काळा डबाच तो. त्याच्या पोटात दुधाची छोटी बाटली ठेवायची, झाकण लावायचं, मग आतून लेझरचा बारीक, तांबूस उजेड दुधावर पडायचा. दुधात जे जे असेल ते त्या उजेडाला आपापल्या परीनं उत्तर द्यायचं, आणि बाजूच्या पडद्यावर ती उत्तरं उंचवट्यांसारखी उमटायची. साखरेची जागा ठरलेली, फॅटची ठरलेली, युरियाची ठरलेली. उंचवटा जेवढा मोठा तेवढा तो माल जास्त. पहिल्या दिवशी मॅडमनं हे सगळ्यांना सांगितलं तेव्हा लोक सिनेमा बघावा तसे पडद्यापुढे उभे राहिले होते. आज मात्र रांगेतल्या कोणालाच पडद्याकडे बघायचं नव्हतं. सगळे सुनेकडे बघत होते.

"तुमच्या दुधात युरिया जास्त आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाली. "थोडा सगळ्याच दुधात असतो. तुमच्यात दुपटीच्या वर आहे."

काठी टेकत टेकत आबा मागून आले होते. आपला कॅन ओतला जाताना बघायला ते रोज यायचे, दुसरं काही काम नसायचं. त्यांच्या कानावर पडायचं ते पडलं.

"युरिया? शेतात टाकतात तो? अगं बाई, तू कोणाच्या दुधाबद्दल बोलतेस?"

"आजोबा, मशीन दाखवतंय ते सांगते."

"मशीन खोटं असेल!"

"असू शकतं," ती म्हणाली. "म्हणून रोज सकाळी आधी त्याचीच परीक्षा घेते." तिनं पिशवीतून एक बाटली काढली, तिच्यात तिनं स्वतः मोजून युरिया घातलेला होता. ती आत ठेवली. उंचवटा जिथं यायचा तिथं आला आणि जेवढा यायचा तेवढाच आला. मग पुन्हा सुनेच्या दुधाची बाटली ठेवली. उंचवटा तिथंच आला, चांगला डोकं वर काढून.

आबांनी पडद्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. कुट्टीच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट तरुणपणीच गेलं होतं, त्या चार बोटांच्या हातानं त्यांनी ओट्यावर थाप मारली. "माझ्या दुधात आजवर पाण्याचा थेंब पडला नाही! पाण्याचा! आणि ही म्हणते युरिया!"

रांगेत रेडिओ उभा होता. शेजारीच राहायचा, आणि हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. तो खाकरला आणि कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाला, "आबा कशाला घालतील? पण धारा काढणारे हात आता आबांचे कुठं आहेत?"

सुनेच्या कानशिलापर्यंत जाळ गेला. बोलून सांगणार काय? तिनं कॅन उचलला. रोज ती जाताना भरलेला कॅन न्यायची आणि येताना रिकामा आणायची. भरलेला परत न्यायची सवय खांद्याला नव्हती, वाटेत तिला दोनदा टेकावं लागलं. सेक्रेटरीचं वाक्य पाठीमागून येतच होतं. उद्या-परवापर्यंत दूध नीट आलं नाही तर संघाच्या नियमानं कॅन बंद, आणि कारणाच्या जागी शब्द लिहायचा तो भेसळ.

घरी आली तर गाई दावणीला हाडं मिरवत उभ्या होत्या. पाऊस रुसून बसला त्याला महिने झाले होते. बांधावर हिरवं म्हणायला काडी नव्हती. चार गाईंपुढे ज्वारीची वाळलेली ताटं मोजून टाकायची आणि वर पाणी दाखवायचं, एवढंच राहिलं होतं. तिनं कुट्टी केली, शेण काढलं, घागरी घेऊन लांबच्या टाकीवर जाऊन आली. तिथल्या रांगेत अर्धी दुपार जायची. हाताला घट्टे पडून त्यांच्यावर पुन्हा घट्टे आले होते. कंबर तर आता दुखायचीसुद्धा विसरली होती.

तिचा नवरा खडी फोडायच्या कामावर जायचा. संध्याकाळी आला, तोंड धुतलं, आणि चुलीपाशी न बसता उंबऱ्यावर बसला. त्याला बाहेरच सगळं कळलं होतं. कळणारच, रेडिओ गावातच होता.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"कॅन कशानं धुतलास?"

"रोज धुते तसाच. गरम पाण्यानं."

"खताच्या पोत्याचा हात लागला असेल. त्या पेंढ्याला शिंपडलं होतं ना आपण..."

"अहो, त्याला पंधरवडा झाला! तेव्हाचा हात अजून धुतला नाही होय मी?"

त्यानं पाठ फिरवली. पण त्याचं समाधान झालं नव्हतं, हे तिला त्याच्या पाठीवरून समजलं. पेंढ्याची गोष्ट अशी होती. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की वाळका पेंढा नुसता घालू नका, थोडा युरिया पाण्यात विरघळवून थराथरानं शिंपडा, खड्ड्यात तुडवून भरा, वरून प्लॅस्टिक घालून कडा चिखलानं लिंपा. तीन आठवडे हवा लागू द्यायची नाही. मग पेंढा मऊ पडतो, पिवळा होतो, गाईच्या अंगी लागतो. त्याआधी मात्र तोंडाला लावायचा नाही, कच्चा पेंढा म्हणजे विष. नवरा-बायको दोघांनी दिवसभर राबून तो खड्डा भरला होता. नाकाडोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. गोठ्याच्या मागं तो काळ्या प्लॅस्टिकखाली निजला होता आणि घरातली सगळी आशा त्याच्यावर होती.

"रेडिओचं ऐकून मला विचारता?" ती शेवटी म्हणाली. "त्यापेक्षा सरळ विचारा की, दुधात काय मिसळलंस म्हणून."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायचं काय राहिलं?"

आतून आबांचा खोकला आला. ते जागे होते, ऐकत होते, पण मध्ये पडले नाहीत. एरवी मुलाचा आवाज जरा चढला की ते आतूनच त्याला झापायचे. आज त्यांना काय झालं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिला वाटलं, त्यांचा तरी माझ्यावर विश्वास कुठून उरला असेल? आणि ते तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी दूध पुन्हा परत आलं. उंचवटा जरा वाढलाच होता.

ह्या वेळी ती हलली नाही. कॅन ओट्याखाली ठेवला आणि मॅडमसमोर उभी राहिली. "तुम्ही घरी चला. तुमच्या बाटल्या घेऊन चला. गाईच्या सडाला बाटली लावा आणि मी पिळते. मध्ये ना कॅन, ना बादली. मग बघा."

मॅडमनं सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरीनं खांदे उडवले. रांग संपल्यावर मॅडम खरोखर आली, आणि तिच्यामागं तमाशा बघायला रेडिओही आला. नवरा कामावर जायचा थांबला होता. आबा गव्हाणीपाशी काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

सकाळच्या धारेनंतर सडात फारसं काही नव्हतं. तरी सून एकेका गाईखाली बसली, मॅडमनं बाटली धरली, चार-चार धारा त्या बाटलीत गेल्या. शेवटची तांबडी. ही आबांची लाडकी, त्यांच्या हातावर वाढलेली. तिनं पाय झाडला, दूध चोरून धरलं, मग कशीबशी बाटलीभर दिलं. तिच्या पोटाला हात लागला तेव्हा सुनेला ते जरा तट्ट वाटलं. पण माणसं उभी होती, ती पुढं गेली.

मॅडमनं सोबत आणलेलं मशीन घराच्या ओट्यावर मांडलं. आधी तिची ती मोजलेल्या युरियाची बाटली, मग एकेक गाय. पहिलीचा उंचवटा मोठा, दुसरीचा मोठा, तिसरीचाही. तांबडीचा सगळ्यांत उंच.

"कोणी मिसळलेलं नाही," मॅडम म्हणाली. "हे गाईच्या पोटातूनच येतंय."

दोन दिवस सुनेच्या छातीवर धोंडा होता तो कोणीतरी उचलून घेतला. तिनं रेडिओकडे बघितलं. रेडिओला आपल्या चपलेचा अंगठा तपासायची घाई झाली होती.

"पण मग खातात काय ह्या?" मॅडमनं विचारलं.

"वाळकी ताटं. दुसरं आहे काय?"

"युरिया शिंपडलेलं काही?"

"खड्डा आहे. पण तो बंद आहे," नवरा म्हणाला. "चला, दाखवतो."

खड्डा समोरून जसाच्या तसा होता. लिंपण सुकून खडखडीत झालेलं, प्लॅस्टिक ताणलेलं. नवऱ्यानं छाती पुढं काढली. पण सून वळसा घालून मागं गेली, गोठ्याच्या भिंतीकडे, जिथं कोणी जात नाही. तिथं कोपऱ्यात प्लॅस्टिकला चीर होती. चिरेवर दगड ठेवलेला आणि भोवतीनं ओला चिखल पुन्हा लिंपलेला. चिखलावरून हात फिरवलेला होता. बोटांचे पट्टे स्पष्ट उमटले होते आणि मधला एक पट्टा नव्हता.

ती बघतच राहिली. मग एकेक गोष्ट तिच्या ध्यानात आली. हल्ली ती पाणी घेऊन येई तेव्हा गाई गप्प असायच्या. तिला वाटलं होतं, उपाशी राहायची सवय झाली बिचाऱ्यांना.

मागून पावलं आली. तिनं पायानं चिखल पुसला. का पुसला ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हे काय?" नवऱ्यानं चीर बघितली आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "कोणी उघडलं हे? दिवसभर घरी कोण असतं? किती वेळा सांगितलं होतं तुला! तीन आठवडे धीर धरवला नाही?"

मॅडमसमोर. रेडिओसमोर. सुनेनं आबांकडे बघितलं. आबा गोठ्याच्या कोपऱ्याशी येऊन उभे होते. त्यांचा उजवा हात काठीच्या मुठीवर होता, आणि त्यांनी डावा हात त्याच्यावर ठेवला. ते जमिनीकडे बघू लागले.

बोलतील, असं तिला वाटलं होतं. बोलले नाहीत.

"कोणी उघडलं ह्याच्याशी माझ्या मशीनला कर्तव्य नाही," मॅडम म्हणाली. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "हा पेंढा आजपासून बंद करा. दोन-तीन दिवसांत दुधातला युरिया उतरेल. मी भेसळ लिहीत नाही, चाऱ्यातली चूक लिहिते. दूध नीट आलं की तुमच्यापैकी कोणीतरी केंद्रावर येऊन काय झालं ते सांगा, मग कॅन चालू."

ती गेली. रेडिओ तिच्या आधीच गेला होता. पिंपळाच्या पारापर्यंत पोचायच्या आत बातमी तयार झाली असणार, सुनेनं उतावीळपणे खड्डा फोडला.

दुपारी तांबडी पडली.

आधी तिच्या डाव्या कुशीचा भाग फुगून वर आला, मग अंग थरथरायला लागलं, तोंडातून फेस, आणि मग पुढचे गुडघे दुमडून ती बसली ती उठेना. नवरा डॉक्टरला आणायला सायकल काढून धावला. सुनेला डॉक्टरचं तेव्हाचं बोलणं आठवलं, युरिया बाधला तर आंबट पाजा, जेवढं आंबट तेवढं बरं. घरात शिळं ताक होतं, शेजारून सिरका मिळाला. तिनं ते गार पाण्यात मिसळून बाटलीत भरलं.

"आबा, डोकं धरा! वर करा! जास्त नाही, ठसका लागेल!"

आबांनी तांबडीची मान मांडीवर घेतली. सुनेनं जबड्याच्या फटीतून बाटली सारली आणि घोट घोट ओतू लागली. अर्धं आत जायचं, अर्धं आबांच्या अंगावर सांडायचं. दोघांच्या अंगाला आंबूस वास सुटला. माशा हटेनात. एक बाटली, दुसरी, तिसरी. तिचे हात भरून आले तरी ती थांबली नाही.

"ओरडायची गं," आबा एकदम म्हणाले. "तू पाण्याला गेलीस, तो कामावर गेला, की सुरू. माझ्याकडे बघून ओरडायची. मला बघवेना. म्हटलं, कोपऱ्यातला वरचा पेंढा तयार झाला असेल. मूठमूठ सगळ्यांना घातला. हिला जरा जास्त." त्यांनी तिची मान अजून जवळ ओढली. "माझ्याच हातानं मारली की मी हिला."

सुनेला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. दोन्ही एकदम आल्यामुळे तिचं तोंड कडू झालं.

"मारली नाहीत. अजून जीव आहे तिच्यात," ती म्हणाली. "गाईसाठी तुमचा जीव तुटला, कबूल. पण सकाळी तिथं मी उभी होते, आबा. माझ्यासाठी नाही तुटला तो?"

आबा गाईच्या कानामागं चार बोटं फिरवत राहिले. डॉक्टर आला तोवर तांबडीनं दोनदा ढेकर दिला होता आणि कुशीचा ताण उतरला होता. जगेल, असं तो म्हणाला, पण दूध आटेल. तिचं दूध तर आटलंच. पोटभर वैरण नाही आणि वर हा दणका, बाकीच्याही निम्म्यावर आल्या.

सुनेनं चिरेवर नवं प्लॅस्टिक घातलं, पुन्हा लिंपलं. हवा लागलेला पेंढा उपसून उकिरड्यावर टाकला, आणि आत उरलेल्याला पुन्हा पहिल्यापासून थांबायचं होतं. नवरा मदतीला होता, पण जेवढ्यास तेवढं बोलत होता. टाकीच्या रांगेतल्या बायका तिला बघून आवाज उतरवायच्या. एकीनं तर मायेनंच म्हटलं, "होतं गं असं, आपण बायका भोळ्या." ते ऐकून तिला घागर आपटावीशी वाटली. पण फुटली असती तर पाणी कशात नेणार?

ती खरं कोणालाच सांगत नव्हती. नवऱ्यालाही नाही. सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य तिच्या दातांपर्यंत रोज यायचं.

तीन दिवसांनी कॅन घेऊन निघाली तर आबा दाराशी तयार होते. "एक कडी मला दे," म्हणाले. "नको आबा, हलकाच आहे," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. कॅनच्या तळाशी दूध डुचमळत होतं. तरी त्यांनी एक कडी धरलीच.

केंद्रावर रांग होती. मॅडमनं आपली बाटली तपासली, मग ह्यांची ठेवली. तांबूस उजेड पडला. युरियाच्या जागी बाकीच्यांच्या दुधात असतो तेवढाच, बसका उंचवटा आला.

"उत्तम," मॅडम म्हणाली. "आता फक्त काय झालं होतं तेवढं सांगा."

"मी सांगतो की," सेक्रेटरी हसत म्हणाला. त्यानं कॅनला आज दोन्ही हात लावले होते. "वहिनींची जरा घाई झाली. आबा, आता सुनेला खड्ड्यापासून लांब ठेवा, काय!"

रांगेत चार माणसं हसली. रेडिओ सगळ्यांत मोठ्यानं हसला.

सून पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, हेही गेलं. आता आयुष्यभर हेच चिकटणार आपल्याला.

आबांनी काठी ओट्याला टेकवून ठेवली. उजवा हात उचलला आणि कॅनच्या आकड्याशेजारी, सगळ्यांना दिसेल असा, पालथा ठेवला.

"खड्डा ह्या हातानं उघडला," ते म्हणाले. "चोरून. तिनं माझ्या बोटांच्या खुणा बघितल्या आणि स्वतःच्या पायानं पुसल्या. तुम्ही सगळे तिला बोललात, माझा मुलगा बोलला, आणि मी तिथंच उभा होतो. लिहा तसं."

कोणी हसलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, "जाऊ द्या आबा, झालं ते झालं."

"तुमचं झालं असेल," आबा म्हणाले. "ए रेडिओ, ऐकलंस ना नीट? मग जा की. आता का थांबलास?"

रेडिओ खरोखरच कॅन तिथंच सोडून दोन पावलं चालला, मग भानावर येऊन रांगेत परत आला.

परत येताना उन्हं चढली होती. रिकामा कॅन दोघांच्या मध्ये दोन कड्यांना धरलेला होता.

"तू का नाही बोललीस?" आबांनी विचारलं.

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला."

आबांनी मान हलवली. पुढं ते अगदी सावकाश चालले, आणि तीही त्यांच्या चालीनं चालली.

घर दिसायच्या आधीच तांबडीचा आवाज आला. भूक लागली होती तिला, बरी होत होती ना. लांब, कोरडा, सरळ काळजाला हात घालणारा हंबरडा. मागून बाकीच्या तिघींनी सूर धरला. आबा अंगणाच्या तोंडाशी थबकले. त्यांची नजर आपोआप गोठ्यामागं गेली आणि त्यांनी ती ओढून परत आणली.

"अजून किती दिवस?"

"आता कुठं लिंपलाय, आबा."

तिनं कॅन पालथा घातला, घागरी उचलल्या. तिला पाण्याला जावंच लागणार होतं, नवरा कामावर होता. दारातून तिनं मागं वळून बघितलं. आबा गव्हाणीपाशी तांबडीच्या समोर जाऊन बसले होते. गाय त्यांच्या तोंडाकडे बघून ओरडत होती, आणि त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घालून धरले होते.